गाडीतला आपत्कालीन संच, नागपूरच्या उन्हापावसाच्या हिशोबाने: प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५

तीन गाड्यांसाठी संच बनवायचा आहे: एक पेट्रोल हॅचबॅक, एक डिझेल एसयूव्ही आणि कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली एक सेडान. रस्ते ठरलेले आहेत. समृद्धी महामार्गाने वर्धा-अमरावतीच्या दिशेने, वर्धा रोडने बुटीबोरी-जाम, जबलपूर रोडने मनसर-देवलापार, आणि रोजचं शहर.

तयार मिळणारे संच पाहून बाजूला ठेवले. बॅग देखणी असते, पण आतल्या वस्तू आपल्या मे महिन्यासाठी निवडलेल्या नसतात. बाहेर ४४-४५ अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीतली हवा ६० च्या पुढे जाते आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. त्या उष्णतेत पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आटते, टॉर्चमधले सेल पाझरतात, इन्सुलेशन टेपचा चिकटा होतो, बँडएडचा गोंद सरकतो. गरज पडते तेव्हा बॅग असते, वस्तू मेलेल्या असतात. म्हणून प्रत्येक वस्तूला आधी एकच प्रश्न विचारायचा: मे महिन्यात ही गाडीत टिकेल का? टिकणार नसेल तर तिची जागा घरात, आणि निघताना ती सोबत घ्यायची.

दुसरा विचार जागेचा. सीटबेल्ट लावून बसल्या जागी हात पोचेल तिथे काय, दार उघडून लगेच काढता येईल असं काय, आणि डिक्कीत काय, हे आधीच ठरवून घेतलं. मागून ठोकर बसली की डिक्की बहुतेक उघडतच नाही. त्यामुळे जीव वाचवणारं काहीही डिक्कीत जाणार नाही.

१६ मार्च

खरेदीच्या आधी, गाडीसोबत आलेल्या वस्तू तपासल्या. स्टेपनीपासून सुरुवात.

टायरच्या बाजूवर डॉट लिहिलेल्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी वापरलेली नसली तरी रबर म्हातारं होतंच. नक्षीच्या खाचांत आणि बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ती फक्त दुकानापर्यंत पोचायला. स्टेपनीत हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त भरून ठेवली, कारण ती महिनोनमहिने हळूहळू उतरते. लावताना कमी करता येते, जंगलात वाढवता येत नाही. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक ताशी ८० किमी.

२०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. नव्या गाडीची डिक्की उघडून एकदा बघाच. स्टेपनी आहे असं गृहीत धरणारे पुष्कळ आहेत.

खरी अडचण नटांची. टायरवाल्याकडे हवेच्या गनने नट इतके आवळतात की कंपनीच्या आखूड पान्ह्याने ते हलत नाहीत. उपाय दोन: टायर बदलून आणल्यावर नट सैल करून हाताने पुन्हा आवळायचे, आणि पान्ह्यावर चढेल असा ४०-५० सेंमीचा जीआय पाइप डिक्कीत ठेवायचा. पाइप फक्त सोडवताना वापरायचा. आवळताना लावला तर आटे जातात. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर पुरतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतून घेऊन पाइपवरच मार्करने लिहिला. अलॉयला लॉक नट असतील तर त्यांची चावी कुठे आहे ते आजच शोधा, ती नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

जॅकखाली ठेवायला १८ मिमी प्लायचा २५ बाय २५ सेंमीचा तुकडा कापला. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला काळी माती. कोरडी असते तेव्हा भेगाळलेली, ओली झाली की जॅक सरळ आत घुसतो आणि गाडी तिरकी होते. सोबत लाकडाच्या दोन पाचरी, उचलायच्या चाकाच्या तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लावायला. क्रम असा: हँडब्रेक, गियर, पाचरी, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल, मग जॅक. काढलेलं चाक गाडीच्या पाट्याखाली आडवं सरकवून ठेवायचं. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसते, पायावर नाही. नट आवळायचे ते समोरासमोरचे, आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा.

२३ मार्च

पंक्चर किट. कानस आणि सुई लोखंडी टी आकाराच्या मुठीची घेतली. प्लास्टिक मुठीची सुई स्टील बेल्टच्या टायरमध्ये घुसवताना मुठीतच फिरते. भोकात भरायच्या रबरी पट्ट्या १०, पक्कड, खडू, छोट्या बाटलीत साबणाचं पाणी.

पद्धत लिहून ठेवतो, कारण चूक नेहमी त्याच दोन जागी होते. खिळा कुठल्या कोनात गेला आहे ते काढण्याआधी नीट बघा. कानस त्याच कोनात घालून १५-२० वेळा आतबाहेर करा. सरळ घातली तर दुसरं भोक पडतं. पट्टी सुईत मधोमध ओवायची, सोल्युशन लावायचं आणि बाहेर साधारण सेंटिमीटरभर शेपट्या राहतील इतकी आत ढकलायची. मग सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढायची. इथे दुसरी चूक: सुई पिळली की पट्टी तिच्यासोबत बाहेर येते. शेपट्या ३-४ मिमी ठेवून कापा, हवा भरा, साबणाच्या पाण्याने तपासा. हा उपाय फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी आणि ६ मिमीपर्यंतच्या भोकासाठी. टायरच्या बाजूला भोक असेल तर पट्टी लावू नका, तो भाग सतत वाकतो आणि पट्टी बाहेर फेकली जाते. समृद्धीसारख्या रस्त्यावर १२० च्या वेगात अशी पट्टी निघाली तर गाडी हातात राहत नाही. पट्टी लावलेला टायर परतल्यावर आतून पॅच करून घ्यायचाच.

खिळा रुतलेला आहे पण हवा हळू जाते आहे आणि दुकान जवळ आहे, तर खिळा काढू नका. हवा भरा आणि चला.

हवा भरायचा पंप १२ व्होल्टचा, वायरचा घेतला, बॅटरीवाला नाही. कारण तेच, ऊन. असा पंप साधारण १० अँपिअर किंवा थोडा जास्त करंट खेचतो, त्यामुळे सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी पाहायचं. वापरताना इंजिन चालू ठेवायचं आणि पंपावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त सलग चालवायचा नाही, नाहीतर पिस्टनची सील वितळते. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का हे प्रत्येक गाडीत लावून पाहिलं. एसयूव्हीला पोचत नव्हती, तिच्यासाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप.

एक गैरसमज इथेच खोडून टाकतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटणार नाही’ हे चुकीचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकल्याने जास्त तापते, आणि तापूनच टायर फुटतो. थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघण्याआधी, दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा भरायचा. चालवल्यावर वाढलेले ४-५ पीएसआय काढायचे नाहीत. नायट्रोजनही तापल्यावर हवेइतकाच फुगतो.

३० मार्च

फ्यूज. बहुतेक गाड्यांत छोटे पातीचे फ्यूज लागतात, पण नव्या मॉडेलांत आणखी बुटके असतात, तेव्हा एक काढून नेऊनच विकत घ्या. रंग ठरलेले: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. प्रत्येकी दोन. काढायचा चिमटा फ्यूज बॉक्सच्या झाकणात असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही नाही. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

६ एप्रिल

जंपर केबल, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करायच्या तारा. या संचात सर्वांत जास्त फसवणूक याच वस्तूत आहे, म्हणून वेळ दिला.

पाकिटावर ५०० किंवा १००० अँपिअर लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. आतली तार किती जाड आणि कशाची, एवढंच महत्त्वाचं. हिशोब साधा आहे. तीन मीटरच्या दोन तारा म्हणजे करंटचा जाऊन-येऊन प्रवास सहा मीटर. तांब्याची १६ चौरस मिमीची तार असेल तर छोट्या पेट्रोल गाडीच्या स्टार्टरला लागणाऱ्या साधारण १५० अँपिअरला तारेतच जेमतेम १ व्होल्ट वाया जातो. तीच तार ४ चौरस मिमीची असेल तर जवळपास ४ व्होल्ट. आणि ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली तर ६ च्या वर. साडेबारातून सहा गेले की स्टार्टर नुसता टकटक वाजतो आणि तार हाताला चटका देते.

दुकानात ओळखायचं कसं? तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. चिमट्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर वरून फक्त तांब्याचा रंग. जाड दिसणारी केबल हातात घेऊन दाबा: बाहेर जाड रबर आणि आत बारीक गाभा असतो.

तयार केबल सोडून घरीच बनवायच्या ठरल्या. तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते, नरम असते आणि उन्हात ताठरत नाही. हॅचबॅक आणि सेडानसाठी १६ चौरस मिमी, डिझेलसाठी २५. तांब्याचे लग (तारेच्या टोकाला बसणारे जोड) हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने दाबून घेतले; पक्कडीने दाबलेला लग सैल राहतो आणि तिथेच तापतो. चिमटे आणि लग इतवारीच्या लोहाओळीत मिळाले. चिमट्याच्या दोन जबड्यांपैकी एकालाच तार जोडलेली असते, दुसरा नुसता धरून ठेवतो. म्हणून दोन्ही जबडे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडले. एवढ्या एका बदलाने पकड दुप्पट कामाची होते.

जोडायचा क्रम कागदावर लिहून केबललाच बांधला. लाल, बंद गाडीच्या धनाला. लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या धनाला. काळा चालू गाडीच्या ऋणाला. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. चालू गाडी ४-५ मिनिटं तशीच राहू द्या, मग बंद गाडीला स्टार्टर मारा. काढताना उलटा क्रम. रस्त्यात कोणी ‘भाऊ, जरा केबल द्या’ म्हणालं तर केबल द्या, पण जोडणी स्वतः करा.

लिथियमचा जंप स्टार्टर चांगली वस्तू आहे, पण ती घरातली. बंद गाडीतल्या ६० अंशांत लिथियम सेल ठेवायचे नसतात.

बॅटरीबद्दलही थोडं. नागपुरात बॅटरी थंडीने मरत नाही, उन्हाने मरते: पाणी उडतं, प्लेट गंजतात. पण ते कळतं नंतर, पावसात किंवा डिसेंबरच्या सकाळी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तिन्ही गाड्यांचे आकडे लिहून ठेवले.

१३ एप्रिल

अग्निशामक: एबीसी पावडरचा १ किलोचा, आयएसआय शिक्का आणि दाबाचा काटा असलेला. काटा हिरव्यात हवा. स्प्रेच्या डब्यासारखे छोटे अग्निशामक नाकारले. १ किलोचा सिलिंडर ८-१० सेकंदांत संपतो, म्हणजे तो फक्त सुरुवातीच्या आगीसाठी. बसवला चालकाच्या सीटपुढे, फरशीच्या पत्र्यात बोल्ट मारलेल्या पट्टीत. मोकळा ठेवला तर ब्रेकच्या पेडलखाली घरंगळतो. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला बसते, म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून हलवायचा.

बोनेटमधून धूर निघाला तर बोनेट पूर्ण उघडायचं नाही. हवा आत गेली की भडका. खटका ओढून जेवढी फट पडते तेवढ्यातूनच पावडर मारायची. सीएनजी गाडीत आधी इंजिन बंद, माणसं बाहेर. आग टाकीकडे असेल तर विझवायच्या भानगडीत पडायचं नाही, लांब जायचं.

काच फोडायचं साधन स्प्रिंगचं घेतलं, हातोडी नाही. पाण्यात हातोडीला झोक मिळत नाही, स्प्रिंग टेकवून दाबली की काम होतं. समोरची काच लॅमिनेटेड असते, ती फुटून पडत नाही. काही नव्या गाड्यांत दाराच्या काचाही तशाच. कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून कुठली काच फोडायची ते प्रत्येक गाडीत ठरवून ठेवलं. वार काचेच्या कोपऱ्यात, मध्यभागी नाही. साधन सीटबेल्टच्या खांबाला वेल्क्रोने, चालकाच्या हाताशी.

२० एप्रिल

बंद गाडीमागे ठेवायचा इशाऱ्याचा परावर्तक त्रिकोण किती लांब ठेवायचा? ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. चालकाला दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, पुढे थांबायला ८० मीटर धरा. तेव्हा ५० मीटरवरचा त्रिकोण समृद्धीवर निरुपयोगी; १५० मीटर हवा, म्हणजे अंदाजे २०० पावलं. शहराबाहेरच्या साध्या रस्त्यावर ५० ते १०० चालेल.

हलके प्लास्टिक पायांचे त्रिकोण ट्रकच्या वाऱ्याने आडवे होतात. लोखंडी पायांचे दोन घेतले, आणि अर्धा किलो रेती भरलेली कापडी पिशवी पायावर ठेवायला. परावर्तक जॅकेटं जितकी माणसं तितकी, दाराच्या खणात. जॅकेट डिक्कीत ठेवलं तर ते काढायला विनाजॅकेट रस्त्यावर जावं लागतं. आधी जॅकेट, मग त्रिकोण, मग सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून वाट पाहायची नाही. अपवाद एक: मनसर-देवलापार-खवासाच्या जंगलपट्ट्यात रात्री बाहेर थांबू नये. तिथे शक्य तितकी गाडी कडेला घेऊन, चारी दिवे लावून, दारं बंद.

४ मे

पाणी. माणशी २ लिटर पिण्याचं, वेगळं ५ लिटरचं कॅन. पिण्याचं पाणी रोज बदलायचं, बाटल्या स्टीलच्या.

कूलंट तयार मिसळलेला १ लिटर, सोबत बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी १ लिटर. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की आत क्षार बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी त्यामुळेच तापते. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, ब्लोअर गरमवर पूर्ण, कडेला थांबा. झाकणाला किमान अर्धा तास हात नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं.

ओआरएसची पाकिटं ६. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि ‘१ लिटर पाण्यात’ असं लिहिलेलं हवं. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करून ग्लासात मिसळायचं नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. दोन सुती दुपट्टे: डोक्याला बांधायला आणि वेळ पडली तर ओले करून अंगावर टाकायला. माणूस बरळायला लागला, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. सावली, ओलं कापड, वारा, आणि १०८. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

प्रथमोपचार: निर्जंतुक गॉज १० बाय १० सेंमीचे १०, क्रेप बँडेज १० सेंमीचे २, त्रिकोणी बँडेज २, नायट्राइलचे हातमोजे ४ जोड, गोल टोकाची कात्री, पोव्हिडोन आयोडीन. लेटेक्सचे हातमोजे उष्णतेत चिकटतात, म्हणून नाहीत. गोळ्या गाडीत ठेवायच्या नाहीत. त्या छोट्या थैलीत, घरून.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, आजपासून. ठरल्याप्रमाणे गाडीबाहेर गेलेल्या वस्तू: पॉवर बँक, जंप स्टार्टर, सॅनिटायझर, डिओ, लायटर, पंक्चर सीलंटचा दाबाचा डबा (डब्यावरच ५० अंशांची मर्यादा छापलेली आहे), औषधं. टॉर्चचे सेल काढून वेगळ्या डबीत. इन्सुलेशन टेपच्या जागी स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप आली. तिच्यावर गोंद नसतो, आणि फुटलेल्या कूलंट पाइपला ताणून गुंडाळली की घरी पोचवते.

पंक्चर सोल्युशनच्या ट्यूबा दाबून पाहिल्या. सील फोडलेली घट्ट झाली आहे, न फोडलेली ठीक. तेव्हा ट्यूब नेहमी दोन, आणि एकदा उघडली की बदलायची.

१५ जून

पावसाळी बदल. ५ लिटरच्या कॅनच्या जागी दोन चुंगड्या (रिकामी पोती) आणि छोटं फावडं. काळ्या चिखलात चाक फिरायला लागलं की एक्सलेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. चाकापुढचा चिखल काढून चुंगडी चाकाखाली कोंबा, दुसऱ्या गियरमध्ये हळूच उचला.

ओढायचा पट्टा पॉलिस्टरचा, ३ टनी, ४ मीटर. बंपरमागे पेच करून बसणारा हूक गाडीसोबत येतो. तो काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, आजच लावून बघा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढायची नाही, गिअरबॉक्स जातो. तिला क्रेनच.

नरेंद्रनगर पूल, लोहापूल आणि गावाकडचे रपटे (नाल्यावरचे बुटके पूल): पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर गाडी घालायची नाही. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा बुडालेल्या गाड्यांनाही हेच लागू होतं: बॅटरीची ऋण तार काढा आणि ओढून न्या.

२९ जून

सेडानच्या डिक्कीत सीएनजी टाकी, म्हणून तिचा संच दोन चपट्या पिशव्यांत, टाकीच्या झडपेची वाट मोकळी सोडून. बाकी दोन्हींत झाकणाचा एक क्रेट, पट्ट्याने बांधलेला.

प्रत्येक गाडीत लॅमिनेट केलेलं कार्ड: ११२, १०८, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, विम्याचा मदत क्रमांक, माणसांचे रक्तगट. समृद्धीचा क्रमांक रस्त्यावरच्या फलकावरून उतरवला. फोन बंद पडला तरी कार्ड वाचता येतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी: स्टेपनीची हवा, अग्निशामकाचा काटा आणि हलवणं, टॉर्च, बॅटरीचे व्होल्ट. ऑक्टोबरमध्ये चुंगड्या काढून कॅन परत, दाबाचे डबे घरातच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोल्युशनच्या ट्यूबा, गॉज आणि ओआरएसच्या तारखा तपासून नवीन.